बादलीत गेलेलं कोपर

आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये प्रत्येक टेबलाखाली एक झाकणाची बादली असते. बादलीवर टेबलाचा नंबर रंगवलेला. पहिल्या वर्षाची मुलं देहावर काम करताना जे काही काढतात, चरबी, कातडीखालचे पापुद्रे, स्नायूंच्या मधलं पांढरट जाळं, ते सगळं त्याच टेबलाच्या बादलीत जायला हवं. तीन नंबरचा तुकडा चारच्या बादलीत पडला तर हॉलचे मामा स्वतः चिमटा घेऊन तो शोधून काढायचे. "मॅडम, माणूस आला तसा पुरता गेला पाहिजे," एवढंच म्हणायचे. वर्ष संपलं की देहासोबत त्याची बादलीही दहनाला जायची. देहदान करणाऱ्याच्या घरच्यांना आपण जो शब्द दिलेला असतो, तो मामा त्या बादलीतून पाळत होते.

शरीररचनाशास्त्र शिकवायला लागून मला आता तेवीस वर्षं झाली. त्यातली पहिली अठरा-एकोणीस वर्षं बादलीत नेमकं काय जातं याचा मी विचार केला नाही. मी मुलांना सांगायचे, "साफ करा." आमच्या हॉलमध्ये दिवसभर कानावर पडतो तो शब्द हाच. मसल साफ झाला नाही अजून. नर्व्ह कुठंय, दिसत नाहीये, साफ कर. चित्रातल्यासारखा तांबडा स्नायू, पिवळी नर्व्ह आणि हाडाला हाड बांधणारं शुभ्र लिगामेंट अलग अलग दिसायला लागले की डिसेक्शन छान झालं म्हणायचं. त्यांच्या मधलं जे होतं ते काढून टाकायचं. त्या मधल्याला शाळेच्या पुस्तकात संयोजी ऊती म्हणतात, आम्ही हॉलमध्ये फॅशिया म्हणून मोकळे होतो. खरं तर लिगामेंट, स्नायूला हाडाशी जोडणारं टेंडन, सांध्याची पिशवी आणि हे जाळं, सगळं एकाच सुताचं कापड आहे. कुठं घट्ट विणलेलं, कुठं सैल. घट्ट भागाला आपण नाव दिलं आणि सैल भाग बादलीत टाकला.

कोपर साफ करणं मुलांना सगळ्यात जड जातं. खांदा सुटतो, मांडी सुटते, पण कोपराच्या बाहेरच्या अंगाला स्केलपेल अडकतं. स्नायू कुठं संपला आणि लिगामेंट कुठं सुरू झालं तेच कळत नाही. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, "मॅडम, हे दोन्ही चिकटलेलं का आहे?" मी म्हणायचे, "नीट कापलं नाहीस म्हणून."

कोपर हा शब्द संस्कृत कूर्परावरून आला. मराठीनं या सांध्याला बरीच कामं दिली आहेत. शब्दांनी मारलेल्या टोमण्याला आपण कोपरखळी म्हणतो. एखाद्याचा पुरता वीट आला की नुसते हात जोडून भागत नाही, कोपरापासून जोडावे लागतात. आणि मिळणार नाही अशा गोष्टीची आशा लावायची म्हणजे कोपराला गूळ लावायचा. स्वतःच्या कोपराला जीभ पोचत नाही या एका शारीरिक सत्यावर तो वाक्प्रचार उभा आहे. दंडाचं हाड जेवढं लांब तेवढं कोपर तोंडापासून लांब, आणि मध्ये वाकायला दुसरा सांधा नाही.

सुश्रुतसंहितेत कूर्पर हे १०७ मर्मांपैकी एक. वैकल्यकर गटातलं, म्हणजे इजा झाली तर जीव जात नाही, पण अवयव कायमचा अधू होतो. तिथंच शरीरात ९०० स्नायू सांगितले आहेत. हे वाचून विद्यार्थी गोंधळतात, कारण आज मराठीत स्नायू म्हणजे मसल. सुश्रुतांच्या लेखी मसल म्हणजे पेशी. त्यांचा स्नायू म्हणजे बांधणारं, तंतूंचं, ताण सोसणारं असं सगळं. आजचे लिगामेंट आणि टेंडन त्यात येतात. त्यांनी दिलेला दृष्टांत नावेचा आहे. फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट बांधल्या की नाव माणसांचा भार घेऊन पाण्यावर तरते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार पेलतो. पुढं हा शब्द फळ्यांमधल्या बंधावरून सरकला आणि मांसावर जाऊन बसला. बांधणाऱ्याला रोजच्या बोलण्यातलं मराठी नावच उरलं नाही. 'अस्थिबंध' पाठ्यपुस्तकात राहिला, दवाखान्यात सगळे लिगामेंटच म्हणतात. मला वाटतं, बादलीकडे जाणारी वाट तिथूनच सुरू झाली.

चार वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, घराच्या ओल्या पायरीवरून माझा पाय सरकला आणि मी उजवा हात टेकून पडले. हात असा टेकला की धक्का तळहातातून अंगठ्याकडच्या हाडात, रेडियसमध्ये शिरतो. रेडियस आणि अल्ना या हाताच्या दोन हाडांमध्ये एक पातळ, चिवट पडदा ताणलेला असतो. त्याचे बरेचसे तंतू रेडियसकडून तिरके खाली अल्नाकडे उतरतात, त्यामुळे वर जाणाऱ्या धक्क्याचा काही वाटा ते अल्नाकडे वळवतात. हे मी कितीदा फळ्यावर काढलं असेल. त्या सकाळी पडद्याला जेवढं वळवता आलं तेवढं त्यानं वळवलं असणार, उरलेलं रेडियसच्या डोक्यानं सोसलं. एक्स-रेमध्ये डोक्याला बारीक चीर होती, हाड जागचं हललं नव्हतं. दहा दिवस प्लास्टरचा स्लॅब आणि मग हळूहळू हलवायला सुरुवात, असं मला सांगितलं होतं. मी भीतीपोटी तो साडेतीन आठवडे ठेवला.

स्लॅब निघाला, हात सुटला नाही. तो ५५ अंशांच्या पुढं सरळ होत नव्हता आणि १०० च्या पलीकडे वाकत नव्हता. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल लागते, हे मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखवलं. दरवर्षी मी तो प्रश्न तोंडी परीक्षेत विचारते. आता भाताचा घास ओठांच्या चार बोटं अलीकडे थांबायचा आणि मी मान पुढं काढून तो घ्यायचे. कानात कुडी घालता येईना. आंबाडा बांधता येईना. आई रोज सकाळी केस विंचरून द्यायला यायची. पंचेचाळीस वर्षांच्या मुलीची वेणी घालताना ती काही बोलायची नाही, फक्त शेवटचा पेड जरा घट्ट ओढायची, लहानपणी ओढायची तसा.

कोपराभोवती एक पिशवी असते, कॅप्सूल. तीन हाडं, त्यांचे तीन सांधे, आणि तिन्ही सांध्यांना मिळून ही एकच पिशवी. पुढून आणि मागून ती पातळ आणि सैल, कारण वाकताना मागची बाजू लांबावी लागते आणि सरळ होताना पुढची. दोन्ही कुशींना ती जाड होते, तिथल्या जाड भागांना आपण लिगामेंट म्हणतो. मोठ्या माणसाच्या कोपरात या पिशवीत साधारण २० ते २५ मिलिलीटर मावतं, आणि हात ८० अंशांच्या आसपास वाकलेला असताना सगळ्यात जास्त मावतं. म्हणून सांध्यात रक्त साचलं की माणूस न शिकवता हात अर्धवट वाकवून पोटाशी धरतो. तिथं ताण कमी, दुखणं कमी. आणि मग त्याच अवस्थेत पिशवी आटते.

आटते, कारण तिच्यात आटवणारी पेशी असते. जिनिव्हामध्ये ज्यूलियो गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली भरत आलेल्या जखमेत ती दाखवली. धागे विणणारीच पेशी, पण अंगात स्नायूसारखे आकसणारे तंतू बाळगणारी. तिला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. पोराचा गुडघा फुटतो आणि ती जखम कडांनी आत ओढली जाऊन बुजते, ती हिच्यामुळे. ताठरलेल्या कोपराच्या पिशवीतही तीच मोठ्या संख्येनं सापडते. माझ्या कोपरात ती आपलं काम मन लावून करत होती. तिच्या दृष्टीनं तिथं एक जखम होती आणि ती बुजवायची होती.

शेजारच्या काकू तिळाचं तेल कोमट करून घेऊन आल्या. "चांगलं रगडून देते, आठ दिवसांत सुटेल बघ." त्यांच्या मायेला नाही म्हणणं जड गेलं, पण म्हटलं. कोपराच्या पुढच्या अंगानं पिशवीला अगदी लागून ब्रेकियालिस नावाचा स्नायू जातो. दुखावलेलं कोपर रगडलं, जोर लावून वाकवलं, ताणून सरळ केलं, तर या स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स त्याचं नाव. ऑर्थोच्या ओपीडीत अशी मुलं मी पाहिली आहेत. पडली, घरी चोळलं, आणि जो हात पंधरा दिवसांत मोकळा व्हायचा तो दगडासारखा झाला.

इथं थोडं थांबून स्पष्ट लिहिते, कारण हे कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. मूल हातावर पडलं आणि कोपर सुजलं तर तेल नको, मालीश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणं नको, आणि आवळून बांधणं तर अजिबात नको. हाताचे स्नायू फॅशियाच्या बाह्यांमध्ये भरलेले असतात आणि ही बाही ताणत नाही. आत सूज वाढली आणि बाहेरून पट्टी आवळलेली असली की मधल्या स्नायूंचं रक्तच बंद होतं. जर्मन सर्जन रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं. स्नायू मरतो, त्याच्या जागी पुन्हा हेच पांढरं तंतूंचं कापड भरतं, ते आटतं आणि बोटं कायमची आकडतात. बोटं सरळ केल्यावर मूल कळवळलं, बोटं गार किंवा बधिर पडली, तर सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. रात्रीच निघायचं.

माझी फिजिओथेरपिस्ट माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं कोनमापक लावला, आकडा लिहिला आणि म्हणाली, "मॅडम, दुखायला लागलं की थांबायचं. पण तिथून मागं फिरायचं नाही. तिथंच बसून राहायचं." मग मी बसायचे. उंबऱ्यावर बसावं तसं दुखण्याच्या कडेवर, वीस मिनिटं, अर्धा तास. घाईनं ताणलेलं कापड फाटतं, आणि फाटलं की ती बुजवणारी पेशी पुन्हा धावत येते. हळू आणि सतत ताण दिला तर धागे स्वतःची मांडणी बदलतात, जुने विरघळतात, ताणाच्या दिशेनं नवे घातले जातात. धागा कोलॅजनचा. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये त्याची रचना मांडली, तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. सुंभाचा दोर वळतात तसा तीन पेडांचा पीळ, आणि पीळ घट्ट बसावा म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा सगळ्यात लहान अमिनो आम्लाची, ग्लायसीनची. आई माझे तीन पेड घालायची तेव्हा मी हे मनात म्हणत बसायचे.

वाकणं परत येत होतं, पण हात उताणा होईना. श्रावणात देवळात तीर्थासाठी हात पुढं केला तर तळहात आडवाच राहिला आणि तीर्थ मनगटावरून ओघळलं. गुरुजींनी पळी थांबवली, दुसऱ्या हाताचा आधार घ्या म्हणाले. हात उताणा करणं, पालथा करणं, हे मनगटाचं काम आहे असं बहुतेकांना वाटतं. निम्मं काम कोपरात होतं. रेडियसचं डोकं वाटोळं, वरून बशीसारखं खोलगट. ते अल्नाच्या कुशीतल्या एका खाचेला टेकतं, पण ती खाच वर्तुळाचा जेमतेम पाचवा भाग. उरलेलं वर्तुळ एका पट्ट्यानं पुरं केलं आहे. खाचेच्या पुढच्या कडेपासून निघून डोक्याला वळसा घालून तो मागच्या कडेला येतो. पुस्तकात ॲन्युलर लिगामेंट, माझ्या वर्गात कडं. खालच्या बाजूला हे कडं किंचित अरुंद असतं, म्हणजे डोकं खाली निसटत नाही. तुम्ही कुलूप उघडता, पाण्याचा पेला ओतता, ओंजळ धरता, तेव्हा एक हाड या कड्यात गरगर फिरत असतं. हाडानं हाडाला असं गच्च धरलं असतं तर ते फिरलं नसतं. कड्याला मात्र धरूनही ठेवता येतं आणि फिरूही देता येतं.

लहानग्यांचं कडं अजून पक्कं झालेलं नसतं. माझा भाचा दोन वर्षांचा असताना माझे बाबा त्याला घेऊन रस्ता ओलांडत होते. रिक्षा आली, बाबांनी त्याला एका हाताला धरून वर ओढला. घरी आला तेव्हा डावा हात लटकत होता. सूज नाही, खरचटलेलं नाही, पण हात लावला की किंचाळायचा. बाबा दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. "मी मोडला गं त्याचा हात," एवढंच म्हणत होते. मोडला नव्हता. या वयात कड्याचं खालचं टोक रेडियसच्या मानेला नीट धरून नसतं. सरळ हात जोरात ओढला गेला की ते वर सरकतं आणि डोकं व दंडाचं हाड यांच्या फटीत अडकतं. बालरोगतज्ज्ञांनी कोपराखाली अंगठा ठेवला, हात ठामपणे पालथा फिरवला, टक् असा बारीक आवाज आला. भाचा आणखी एकदा रडला आणि पाच मिनिटांनी त्यानं त्याच हातानं बिस्कीट मागितलं. बाबांनी त्यानंतर कोणत्याही नातवंडाला एका हातानं उचललं नाही. काखेत दोन्ही पंजे घालूनच उचलायचे, मूल आठ वर्षांचं असलं तरी.

कड्याच्या समोर, आतल्या कुशीला, कोपराचा सगळ्यात ताकदवान बंध. दंडाच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यापासून अल्नापर्यंत पंख्यासारखा पसरलेला. त्याची पुढची पट्टी खरी कामाची. ती तुटली की चेंडू जोरात फेकताना कोपर आतल्या अंगाला उघडतं. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघातला गोलंदाज टॉमी जॉन याची ती तुटली. तोवर याचा अर्थ कारकीर्द संपली असाच होता. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला त्याच्याच हातातलं पाल्मारिस लाँगस या स्नायूचं लांबट टेंडन काढलं, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवलं आणि तुटलेल्या बंधाच्या जागी बसवलं. एक पूर्ण मोसम बाहेर बसून जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. करंगळी आणि अंगठा एकमेकांना टेकवून मनगट थोडं वाकवा. मधोमध जी दोरी उठून येते ती हीच. काहींच्या हातात ती नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही.

या शस्त्रक्रियेत मला गुंगवून टाकतं ते त्यापुढचं. नव्या जागी बसवलेलं टेंडन टेंडन राहत नाही. स्नायूची ओढ पोचवणारी ती दोरी, आता दोन हाडांमध्ये अडकली, दर हालचालीला वेगळा ताण घ्यायला लागली, आणि महिन्या-महिन्यांनी तिचं सूत बदलत गेलं. ती लिगामेंटसारखी झाली. नाव आपण द्यायचं, पण काय व्हायचं ते ताण ठरवतो.

कोपराच्या खळग्यात, जिथं रक्त घेतात, तिथंही असाच एक तुकडा आहे. हात वाकवून दंड ताठ करा. मधोमध बायसेप्सचं जाड टेंडन लागेल, आणि त्याच्या आतल्या अंगाला एक पातळ धारदार कड. ती कड एका पसरट पापुद्र्याची. तो तिरका आत जाऊन हाताच्या फॅशियात मिसळतो. वर शीर, खाली धमनी आणि नर्व्ह, मध्ये हा पापुद्रा. युरोपात रोग्याच्या हाताची शीर कापून रक्त काढायची रीत होती तेव्हा पातं शीर ओलांडून खोल गेलं तर यावर अडायचं आणि धमनी वाचायची. म्हणून त्याला देवाच्या कृपेचं नाव पडलं होतं. आमच्या हॉलमध्ये मुलं तो पहिल्या पाच मिनिटांत कापून टाकतात, खालचं दिसावं म्हणून.

इंटर्नशिपमध्ये मी चंद्रपूर जिल्ह्यात होते. बाबा आमट्यांचं आनंदवन तिथून जवळच, वरोऱ्याला. आरोग्य केंद्रातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांनी मला कोपर वाचायला शिकवलं. कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो, ती अल्नर नर्व्ह. आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीत बोट ठेवून आडवं फिरवलं की ती बोटाखालून दोरीसारखी सरकते. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो, आणि इथं ती नर्व्ह कातडीला इतकी लागून असते की हा भाग शरीराच्या मानानं थंड. म्हणून ती इथं फुगते. त्यावरून एक तंतूंचा पट्टा छपरासारखा गेलेला असतो, हात वाकवला की तो ताणतो आणि खालची जागा अरुंद होते. जागा तेवढीच आणि नर्व्ह दुप्पट जाड. मग करंगळी बधिर, मग तिच्याशेजारचं बोट, मग पंजा नांगीसारखा वळतो. ते काका प्रत्येक रोग्याचा हात आधी स्वतःच्या दोन्ही हातांत घ्यायचे, क्षणभर तसाच धरायचे आणि मग बोट मागं सरकवायचे. तपासणीची ती पद्धत मी तेव्हापासून सोडलेली नाही.

आता बाहेरची कुशी, जिथं मुलांचं स्केलपेल अडकतं. इथलं दुखणं सगळ्यांना नावानं ठाऊक आहे. लॉन टेनिसवरून त्याला १८८३ साली नाव पडलं, आणि २००४-०५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे 'टेनिस एल्बो' घराघरात पोचला. मे २००५ मध्ये लंडनला त्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये पोरं एकमेकांची कोपरं दाबून बघत होती. पण ओपीडीत हे दुखणं घेऊन येणाऱ्यांत टेनिस खेळणारं मी कोणी पाहिलं नाही. चादरी पिळणाऱ्या बायका, खानावळीत दिवसाला शेकडो पोळ्या लाटणाऱ्या मावश्या, पान्हा फिरवणारे, करवत चालवणारे. मनगट मागं उचलणारा स्नायू बाहेरच्या उंचवट्यावर जिथून निघतो तिथलं सूत विस्कटतं. सूज असेल असं वाटतं, पण रॉबर्ट निर्शल यांनी १९७९ साली मांडलं ते वेगळंच होतं. तिथं सुजेच्या पेशी जवळजवळ नसतात, धाग्यांची मांडणीच बिघडलेली असते, दुरुस्ती सुरू होऊन अर्ध्यात सोडल्यासारखी.

याच जागी माझ्या 'साफ करा'ला उत्तर मिळालं. हात बांधलेला असताना मी एका हातानं वाचत बसायचे, तेव्हा डच शरीररचनाशास्त्रज्ञ याप वान डेर वाल यांचं काम हाती आलं. मास्ट्रिक्टला १९८८ साली त्यांनी कोपराच्या या भागावर प्रबंध लिहिला. त्यांनी डिसेक्शन उलट केलं. सगळे जण स्नायू ठेवून मधलं कापड काढतात, त्यांनी कापड ठेवून स्नायूंचे तंतू काढत नेले. आणि बाहेरच्या कुशीला त्यांना पुस्तकातलं वेगळं, सुटं लिगामेंट सापडलंच नाही. सापडला तो कापडाच्या भिंतींचा एक गुच्छ, वरच्या टोकाला उंचवट्याला बांधलेला, आणि त्या भिंतींमध्ये रुजलेले स्नायूंचे तंतू. स्नायू आणि बंध शेजारी शेजारी नव्हते, एकामागे एक जोडलेले होते. लिगामेंट सुटं असेल तर सांध्याच्या एखाद्या स्थितीतच ते ताणलेलं असतं, बाकी वेळ ढिलं. पण स्नायू त्याला मागून ओढून धरत असेल तर कोन कोणताही असो, ताण कायम. कोपर कुठं आहे हे मेंदूला सांगणारी संवेदनेची टोकंही त्यांना स्नायू आणि कापडाच्या याच जोडावर दाट दिसली. पुस्तकातलं सुटं लिगामेंट तिथं स्केलपेलनं तयार केलेलं होतं.

मी ते वाचून बराच वेळ नुसती बसले. "नीट कापलं नाहीस म्हणून." किती मुलांना सांगितलं असेल मी ते. ती मुलं हातानं जे बरोबर ओळखत होती, ते मी त्यांना चूक म्हणून पुसायला लावत होते.

नावं टाकून द्या, असं मी म्हणत नाही. १९९१ मध्ये ओ'ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी याच बाहेरच्या कुशीतली एक पट्टी, कड्याला मागून झोळीसारखा आधार देऊन अल्नाला जाणारी, हिशेबात घेतली. तेव्हा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना ज्यांचं कोपर अचानक निसटल्यासारखं व्हायचं, त्यांना आपल्याला काय झालंय ते कळलं. सर्जनला पट्टी दुरुस्त करायची तर ती कुठून कुठं जाते ते माहीत हवं. नाव त्याच्या कामाचं आहे. माझं म्हणणं एवढंच की नाव शिकवताना आजूबाजूचं काय कापलं तेही मुलांना दाखवलं पाहिजे.

माझं कोपर सात महिन्यांनी १५ ते १३५ अंशांवर येऊन थांबलं. शेवटचे १५ अंश आले नाहीत. कुडी घालता येते, आंबाडा येतो. संक्रांतीला तिळगूळ घेताना हात नीट उताणा झाला. आई मात्र अजून कधी कधी, मी बसलेली दिसले की, मागं येऊन केस सोडते.

यंदाच्या बॅचला मी प्रत्येक टेबलावर एक कोपर वेगळं ठेवायला सांगितलं. उजवं पुस्तकाप्रमाणे, डाव्याच्या बाहेरच्या कुशीला फक्त कातडी काढायची, बाकी काही साफ करायचं नाही. जुने मामा निवृत्त झाले, आता त्यांच्या जागी दुसरे आहेत, पण बादल्यांचा नियम तोच. पाच नंबरच्या टेबलावरची एक मुलगी बराच वेळ डाव्या कोपरावर बोटं ठेवून हात उताणा-पालथा करायला बघत होती. फॉर्मॅलिननं देह ताठरलेला असतो, तो जेमतेम हलतो.

"मॅडम, याच्यात काही कळत नाहीये. तुमचा हात धरू का?"

मी ॲप्रनची बाही वर केली. तिनं हातमोजे काढले, हात धुऊन, पुसून आली. कोपराच्या बाहेरच्या अंगाला तीन बोटं ठेवली. मी हात पालथा केला, मग उताणा. तिच्या बोटांखाली कड्यातलं डोकं फिरलं, त्यावरचं कापड ताणलं, सैल पडलं, पुन्हा ताणलं. ती खाली मान घालून, डोळे मिटून उभी होती.

"थांबा, मॅडम. परत एकदा."